पहारा कॅमेऱ्याचा, भिस्त रूटरवर

नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी चौघांना अटक केल्याचे जाहीर केले. घरे आणि व्यवसायाच्या जागा यांतील सुमारे १ लाख २० हजार कॅमेऱ्यांत शिरकाव केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. कॅमेऱ्यांचे सोपे पासवर्ड हीच त्यांची वाट होती, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत राजकोटमधील एका प्रसूतिगृहातील महिला रुग्णांची सीसीटीव्ही चित्रणे इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघडकीस आले. त्या तपासाचे धागे महाराष्ट्रापर्यंत पोहोचले आणि येथूनही अटक झाली. ज्या यंत्रावर सुरक्षेसाठी भरवसा ठेवला, तेच परक्याच्या हाती गेले, तर त्याइतकी विटंबना दुसरी नाही.

कॅमेऱ्याचा दुसरा दगा याहून साधा, पण अधिक नित्याचा असतो. चोरी होते, पोलीस चित्रण मागतात आणि नेमकी त्याच अर्ध्या तासाची नोंद कॅमेऱ्यात नसते. ‘कॅमेरा ऑफलाइन होता’ एवढेच उत्तर मिळते. परक्याला दिसणे आणि मालकाला न दिसणे हे दोन्ही दगे वरकरणी वेगळे वाटतात. परंतु वायरलेस कॅमेऱ्याच्या बाबतीत दोहोंचा रस्ता बहुधा एकाच पेटीतून जातो. ती पेटी म्हणजे दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे धूळ खात पडलेला रूटर.

शासनाने कॅमेऱ्यांकडे लक्ष दिले आहे, हे मान्य केले पाहिजे. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४मध्ये सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी अधिसूचित केल्या आणि एप्रिल २०२५पासून त्यांची अंमलबजावणी सुरू झाली. चित्रणाचे सांकेतिकीकरण, प्रवेशाचे नियंत्रण, सॉफ्टवेअरची सुरक्षित अद्ययावतता अशा बाबींची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याखेरीज नवा कॅमेरा बाजारात आणता येत नाही. दूरसंचार विभागानेही वाय-फाय उपकरणांसाठी सुरक्षा-प्रमाणनाची चौकट आखली आहे. मात्र प्रमाणपत्र मिळालेला रूटर घरात कोठे ठेवला, त्याचा पासवर्ड बदलला का आणि त्यात कोणती सोय चालू राहिली, हे कोणतीही प्रयोगशाळा ठरवू शकत नाही. तो निर्णय गृहस्थाचा आहे आणि बहुतेक घरांत तो घेतलाच जात नाही. ब्रॉडबँडच्या जोडणीबरोबर जो रूटर येतो, तोच राहतो.

आकड्यांचा भूलभुलैया

नवा रूटर घ्यायला गेलेल्या ग्राहकापुढे दुकानदार खोक्यावरचा आकडा ठेवतो. ‘एसी १२००’, ‘एएक्स ३०००’ हे आकडे म्हणजे रूटरच्या सर्व लहरपट्ट्यांच्या तात्त्विक कमाल वेगांची गोळाबेरीज असते. एका उपकरणाला तो वेग कधीच मिळत नाही. शिवाय कॅमेऱ्याला त्याची गरजही नसते. साध्या फुल एचडी चित्रणासाठी सेकंदाला दोन ते चार मेगाबिट पुरतात. एच. २६५ या नव्या संकोचन पद्धतीत त्याहूनही कमी लागतात. चित्रपट पाहणाऱ्याला वेग लागतो, कॅमेऱ्याला सातत्य लागते. चित्रपट क्षणभर थांबला तर पाहणारा वैतागतो, एवढेच. कॅमेऱ्याचा प्रवाह थांबला तर तो क्षण कायमचा जातो.

आणखी एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. घरातील इतर उपकरणे मुख्यतः माहिती खाली उतरवतात, कॅमेरा ती वर धाडतो. म्हणून जोडणीच्या जाहिरातीतील वेगापेक्षा ‘अपलोड’चा वेग विचारला पाहिजे. फायबरच्या बऱ्याच योजनांत दोन्ही वेग सारखे असतात, पण छतावरील अँटेनाद्वारे येणाऱ्या वायरलेस ब्रॉडबँडमध्ये अपलोड बरेचदा पुष्कळ कमी असतो. थोडे गणित मांडून पाहावे. सेकंदाला दोन मेगाबिटने चालणारा एक कॅमेरा अखंड क्लाउडवर चित्रण धाडू लागला, तर दिवसाला साडेएकवीस आणि महिन्याला सुमारे साडेसहाशे गिगाबाइट माहिती जाते. असे चार कॅमेरे झाले की बेरीज २.६ टेराबाइट. ‘अमर्याद’ म्हणविणाऱ्या अनेक योजनांची खरी मर्यादा महिन्याला ३.३ टेराबाइटच्या आसपास असते. ती संपल्यावर वेग घसरतो आणि महिनाअखेरीस कॅमेरे का अडखळतात, हे कोडे उलगडत नाही.

यावरचा उपाय सोपा आहे. अखंड चित्रण कॅमेऱ्यातील मेमरी कार्डावर किंवा घरातील रेकॉर्डरवर ठेवावे आणि हालचाल टिपलेले तुकडेच तेवढे बाहेर धाडावेत. रेकॉर्डरकडे जाणारे चित्रण घरातल्या घरात रूटरमार्फत फिरते, त्याला इंटरनेट लागत नाही. कार्डाची नोंद तर रूटर बंद पडला तरी चालू राहते. म्हणजे इंटरनेट गेले तरी पहारा उठत नाही.

भिंती आणि गर्दी

बाजारातील बहुतेक स्वस्त वायरलेस कॅमेरे केवळ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात. हा पट्टा लांबवर पोहोचतो आणि भिंती त्यातल्या त्यात सहज भेदतो. परंतु त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. मुंबई-ठाण्यातील किंवा पुण्यातील एखाद्या संकुलात फोनवर आसपासची वाय-फाय जाळी पाहावीत. वीस-पंचवीस नावे सहज दिसतात. ती सारी याच तीन चॅनेलांवर आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात. म्हणून ज्या घरात कॅमेरे आहेत तेथे लॅपटॉप, टीव्ही, फोन ही मंडळी पाच गिगाहर्ट्झवर हलवावीत आणि २.४चा पट्टा कॅमेऱ्यांसाठी मोकळा करावा. भारतात पाच गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८मध्ये परवानामुक्त झाला आहे, त्याचा हा खरा उपयोग. सहा गिगाहर्ट्झ किंवा ‘वाय-फाय ७’ यांसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मात्र कॅमेरे हे असू शकत नाही, कारण सामान्य कॅमेरे त्या पट्ट्यावर बोलतच नाहीत.

एका दूरच्या कॅमेऱ्यामुळे सर्वांनाच त्रास कसा होतो, हेही समजून घ्यावे. क्षीण सिग्नलवरील कॅमेरा संथ गतीने बोलतो. तेवढीच माहिती धाडायला त्याला अधिक वेळ लागतो आणि तोवर त्या चॅनेलवरील बाकीचे ताटकळतात. जिन्यातील एक कॅमेरा अशा रीतीने घरातील तिन्हींना अडवू शकतो. कॅमेऱ्याच्या जागी फोन धरून सिग्नल मोजावा. तो उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून बरा असेल तर निश्चिंत राहावे, उणे ७५ असेल तर जागा बदलावी. काँक्रीटच्या भिंती, लोखंडी सुरक्षा-दार, लिफ्टचा दांडा, पाण्याची टाकी हे सारे सिग्नलचे वैरी. रूटरला चार अँटेना असोत की आठ, तो पोलादी कपाटामागे ठेवला तर त्याचा उपयोग नाही. घर मोठे वा दुमजली असेल तर मेश पद्धतीचे दोन संच घ्यावेत आणि शक्य असेल तर ते दोन्ही संच केबलने जोडावेत. स्वस्त रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि तेच पुन्हा सांगतो, त्यात निम्मा वेळ खर्ची पडतो.

नवा रूटर जुन्याच्या मागे जोडताना एक चूक सर्रास होते. दोन्ही रूटर आपापली जाळी चालवतात, काही कॅमेरे एकावर तर फोन दुसऱ्यावर राहतो आणि चित्र कधी दिसते, कधी दिसत नाही. कंपनीचे उपकरण ‘ब्रिज मोड’वर टाकून घ्यावे, त्यासाठी ग्राहक सेवेकडे आग्रह धरावा लागला तरी चालेल.

विजेचा प्रश्न आपल्याकडे विसरून चालत नाही. बॅटरीवर चालणारा कॅमेरा घेतला म्हणजे भागत नाही. वीज गेली की रूटर झोपतो आणि बॅटरीवाला कॅमेरा मुका होतो. बहुतेक घरगुती रूटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठीचे छोटे यूपीएस सहज मिळतात. फायबरचे उपकरण वेगळे असेल तर त्यालाही त्यावर घ्यावे. रूटरवर खर्च करण्यापूर्वी हा खर्च करावा, इतका तो मोलाचा आहे.

दार कोणासाठी उघडे?

ऑक्टोबर २०१६मध्ये अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास कोलमडली. ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील कॅमेरे, रेकॉर्डर आणि रूटर ताब्यात घेऊन हा हल्ला चढवला होता. तिचे हत्यार अगदी साधे होते : कारखान्यातून येणारी, कोणीही न बदललेली पासवर्डांची साठेक जोडपी. मे २०१८मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’चा उलगडा झाला तेव्हा ५४ देशांतील किमान पाच लाख उपकरणे बाधित असल्याचे सांगण्यात आले, आणि त्यांत घरगुती व छोट्या कार्यालयांतील रूटरांचा भरणा होता. म्हणजे रूटर हे केवळ कॅमेऱ्याचे दार नाही, ते स्वतःच एक सावज आहे.

त्यामुळे निवडीची खरी कसोटी वेगाची नसून निगेची आहे. हा रूटर सुरक्षेची अद्ययावत आवृत्ती आपोआप घेतो का? ती किती वर्षे मिळणार? या प्रश्नांवर दुकानदार बहुधा गप्प होतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून लागू झालेल्या कायद्याने सर्व उपकरणांना सारखाच सोपा पासवर्ड देण्यास बंदी केली आणि अद्ययावतता किमान किती काळ मिळेल, हे जाहीर करणे उत्पादकावर बंधनकारक केले. आपल्याकडेही खोक्यावर किमतीशेजारी ही मुदत छापली जावी, अशी मागणी ग्राहक संघटनांनी लावून धरण्याजोगी आहे. तोवर उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची शेवटची आवृत्ती कधी आली, हे पाहणे आपल्या हाती आहे. दोन-तीन वर्षे तेथे शांतता असेल तर सवलत कितीही आकर्षक असली तरी तो रूटर नाकारावा.

दुसरी अट डब्ल्यूपीए-३ची. जुन्या पद्धतीत कोणीही बाहेरून खोटे संदेश धाडून कॅमेऱ्याला जाळ्यातून हुसकावू शकतो. नव्या पद्धतीत त्या संदेशांना संरक्षण सक्तीचे आहे. अर्थात जुने कॅमेरे डब्ल्यूपीए-२च जाणतात, म्हणून रूटरमध्ये दोन्हींची सोय हवी. लहरींचाच गोंगाट करणाऱ्या जॅमरपुढे मात्र कोणताच रूटर टिकत नाही. म्हणून मुख्य दारावरील कॅमेरा तरी केबलने जोडावा, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. एकाच केबलमधून वीज आणि माहिती दोन्ही नेणारे कॅमेरे आता मुबलक आहेत.

तिसरी अट वेगळ्या कप्प्याची. कॅमेरे, स्मार्ट बल्ब यांना स्वतंत्र जाळे देता आले, तर एखादा कॅमेरा फुटला तरी बँकेचे व्यवहार करणारा लॅपटॉप सुरक्षित राहतो. केवळ ‘पाहुण्यांचे जाळे’ देणाऱ्या रूटरवर उपकरणे एकमेकांनाही दिसेनाशी होतात आणि रेकॉर्डर कॅमेऱ्याला शोधू शकत नाही, हे तपासून घ्यावे. उरलेल्या गोष्टी पंधरा मिनिटांच्या आहेत. रूटरचा प्रशासकीय पासवर्ड बदलणे, डब्ल्यूपीएस आणि यूपीएनपी बंद करणे, बाहेरून रूटर चालविण्याची सोय बंद करणे आणि ‘मोबाइलवर दिसावे म्हणून’ तंत्रज्ञ जे पोर्ट उघडून देऊ पाहतो, त्यास ठाम नकार देणे. कॅमेरा बसवणाऱ्याकडून सर्व पासवर्ड घेऊन तो गेल्यावर ते बदलावेत. यात त्याच्यावर अविश्वास नाही, घराची किल्ली बदलण्याइतकीच ती साधी रीत आहे.

नवा रूटर घेणे प्रत्येकाला आवश्यक आहेच असे नाही. आहे तोच रूटर डब्ल्यूपीए-३ जाणत असेल, त्याला अद्ययावत आवृत्त्या मिळत असतील आणि तो योग्य जागी ठेवला असेल, तर दोन-तीन कॅमेऱ्यांचे काम तो निभावेल. ज्याच्या रूटरला या कसोट्या पेलत नाहीत, त्याने मात्र आणखी एक कॅमेरा विकत घेण्याआधी तो बदलावा. कॅमेऱ्यांची संख्या वाढवून घर सुरक्षित होते, हा समज विक्रेत्यांच्या सोयीचा आहे. दुबळ्या रूटरवर चौथा कॅमेरा चढवला की आधीचे तीनही डळमळतात, आणि बाहेरच्याला शिरायला आणखी एक खिडकी मिळते ती वेगळीच.