मॅनेजर बदलून काय होणार?

मँचेस्टर युनायटेडचा पुढचा मॅनेजर कोण, यावरून आमच्या गावातली पोरं रात्री दीड वाजेपर्यंत भांडतात. भांडा बापडे. पण २०१३ला फर्ग्युसन गेल्यापासून हेच चाललंय. मॉयस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, अमोरिम... दर वेळी 'हा आला की सगळं सुरळीत'. मॉयसचा करार सहा वर्षांचा, हकालपट्टी दहा महिन्यांत!

टेन हागची तर कमालच. जुलै २०२४मध्ये करार वाढवला, ऑक्टोबरमध्ये घरी. वाढवणारे आणि काढणारे साहेब तेच. त्यांचा राजीनामा मागितला का कुणी?

ग्लेझर कुटुंबानं २००५ला क्लब घेतला तो भरमसाट कर्ज काढून, आणि बोजा टाकला क्लबवरच. व्याज क्लब भरतो, म्हणजे शेवटी तिकीट काढणारा माणूस.

"याच मालकांच्या काळात फर्ग्युसननी पाच वेळा लीग जिंकली की," एक जण म्हणाला. जिंकली, खरंय. पण ते आले १९८६ला आणि पहिली लीग मिळाली १९९३ला. १९८९मध्ये स्टँडात त्यांना 'चालते व्हा' सांगणारा फलक झळकला होता. तेव्हाचं संचालक मंडळ हललं नाही म्हणून पुढचे फर्ग्युसन दिसले. आज तो धीर कुणात आहे?

(आमच्याकडेही मुख्याधिकारी बदलला की नळाला पाणी येईल, असं लोकांना वाटतं.)

कॉमेंटमध्ये नवीन मॅनेजरचं नाव टाकणाऱ्यांनी आधी सध्याच्या संचालकांपैकी एकाचं तरी नाव लिहून दाखवावं. गूगल न करता.