कमळाइसेचा नकार

पोकरच्या चकत्या परदेशी कारखान्यांतून आपल्या नावानिशी घडवून मागवण्याचा शौक आता आमच्या चाकूर तालुक्यातल्या पोरांपर्यंत येऊन पोहोचला आहे. पोरे राहतात पुण्यात, पण चकतीवर नाव हवे असते चाकूरचे. या शौकावरून आमच्या शिक्षक-मित्रांच्या बैठकीत गेले काही महिने जो वाद रंगतो आहे, तो दोन्ही बाजूंनी भलत्याच मुद्द्यावर लढला जात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एका पक्षाला या वस्तूच्या परदेशीपणाचा राग आहे. दुसऱ्या पक्षाला ती केवळ कला वाटते, जुगाराशी तिचा संबंधच नाही असे त्याचे म्हणणे. पहिला पक्ष आम्हांला भाबडा वाटतो आणि दुसरा लबाड. भाबड्यांशी भांडण लवकर आटोपते, म्हणून आधी ते आटोपून घेऊ.

त्याआधी वस्तूची ओळख करून देणे भाग आहे, कारण चाकुरात अजूनही ‘चिप्स’ म्हटले की बटाट्याचेच आठवतात. पोकरच्या खेळात रोख पैशांऐवजी मेजावर ज्या गोल चकत्या मांडतात, त्या या चीप. सुमारे ३९ मिलिमीटर व्यास, दहा ग्रॅमच्या आसपास वजन. अमेरिकी रिवाजाप्रमाणे पांढरी एकाची, तांबडी पाचाची, हिरवी पंचविसाची, काळी शंभराची. शौकिनांमध्ये ‘सिरॅमिक’ म्हणवल्या जाणाऱ्या चकतीला विशेष मान, कारण तिच्या दोन्ही तोंडांवर आणि कडेवरही हवे ते चित्र कडेपासून कडेपर्यंत छापता येते. आपण संगणकावर नक्षी काढून पाठवायची, कारखाना नमुना दाखवतो, होकार दिला की छपाई होऊन खोकी निघतात. हजार चकत्या म्हणजे दहा किलोंचे ओझे. त्याचे भाडे आणि जकात वेगळी. गंमत अशी की सिरॅमिकला आपला जुना शब्द ‘चिनी माती’, आणि चीनमधून येणाऱ्या या चकतीत माती मात्र नसते. ती साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या जातीच्या मिश्रणाची असते, आणि तिच्यात उष्णतेने रंग मुरवलेले असतात. नावात माती, अंगात प्लॅस्टिक. खोटेपणाची सुरुवात नावापासूनच झाली म्हणायची.

आता परदेशीपणाचा मुद्दा. आमचे एक ज्येष्ठ सहकारी तळमळीने म्हणाले, “अहो, आपल्याकडे कवड्या होत्या, सोंगट्या होत्या, सावंतवाडीचा गंजिफा आहे, मग चीनपुढे हात कशाला पसरायचा?” प्रश्न ऐकायला गोड आहे. पण कवडी कुठली? ती मराठवाड्याच्या काळ्या रानात पिकत नाही. शतकानुशतके ती मालदीवच्या बेटांवरून जहाजांत भरून आली, बंगालपर्यंत चलन म्हणून चालली, सारिपाटावर पडली, आणि तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यात माळ होऊन बसली. आज कवड्यांच्या माळेइतकी ‘आपली’ वस्तू या भागात दुसरी दाखवता येणार नाही. पत्त्यांतले इस्पिक आणि किलवर हे शब्दही दर्यापारचेच, आणि ते बोलताना कोणाची जीभ अडखळत नाही. गंजिफा हा शब्दसुद्धा इराणी वळणाचा. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा म्हणजे दहा रंगांची, प्रत्येकी बारा अशी १२० गोल पाने. लाखकाम करणाऱ्या चितारींची ही कला बुडत चालली होती, ती शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात आसरा देऊन जगवली. तिच्याविषयी आम्हांला नितांत आदर आहे. पण तो गंजिफा आज विकत घेणारे बहुतेक लोक तो चौकटीत घालून भिंतीला लावतात. आणि उद्या सावंतवाडीच्या चितारीने पोकरच्या चकत्या रंगवायला घेतल्या, तर आमचा आक्षेप तिळमात्र कमी होणार नाही. तेव्हा वस्तू कुठून आली हा प्रश्न बाजूला ठेवू. ती काय काम करते, हे पाहू.

हे आम्ही दुरून बोलत नाही. आमचा एक माजी विद्यार्थी, तालुक्यातल्याच एका खेड्यातला, आज संगणकाच्या नोकरीत आहे. त्याच्या मित्रमंडळाने अशा हजार चकत्यांची मागणी नोंदवायचे ठरवले आणि नक्षीचा नमुना आमच्याकडे तपासायला पाठवला. “सर, मॅडम, शुद्धलेखन तेवढे बघून द्या,” एवढीच विनंती. नमुना पाहण्यासारखा होता. कारखान्याच्या संगणकाला देवनागरी उमगलेली नव्हती. ‘मित्रमंडळ’ या शब्दातली पहिली वेलांटी ‘म’च्या आधी बसण्याऐवजी नंतर जाऊन ‘त’ला चिकटली होती, आणि ‘त्र’ फुटून ‘त’ व ‘र’ पाय मोडून वेगळे उभे होते. मजकूर चित्ररूपाने पाठव म्हणजे तो मोडणार नाही, हे आम्ही त्याला सांगितले. तो आमचा धंदाच आहे, त्यात कुरकूर नाही. चकतीच्या एका अंगाला मोठ्या अक्षरांत ‘चाकूर’ होते, भोवती कवड्यांची माळ. दुसऱ्या अंगाला बुरुजाचे चित्र आणि आकडा. ५, २५, १००, ५००. खाली एक पुरवणी मागणी होती: खेळात आपल्याकडचे सगळेच्या सगळे मेजावर लोटतात, त्या चालीला भारदस्त मराठी शब्द सुचवावा.

इथून आमचे दुसऱ्या पक्षाशी भांडण सुरू होते. आम्ही विचारले, पैसे लावता का? उत्तर आले, छे, नुसता खेळ. चकती म्हणजे गुण मोजायचे साधन. मग चिंचोके का चालत नाहीत? गुण मोजायला चिंचोक्यांसारखे साधन नाही. आमच्या भागातल्या किती पिढ्यांनी त्यांवर डाव मांडले. त्यावर पोराने जे सांगितले ते प्रामाणिक होते: “चिंचोक्यात मजा नाही, सर. हातात वजन लागतं.” नेमके हेच. दहा ग्रॅमचे ते वजन, एकीवर एक ठेवताना होणारा तो आवाज, ते आकडे, हे सगळे पैशाच्या सोंगासाठी आहे. ती पैशासारखी वाटली पाहिजे, पण पैसा वाटता कामा नये. पाचशेची नोट मेजावर टाकताना हात क्षणभर थबकतो. त्या नोटेत किराणा दिसतो, फी दिसते, औषधाची चिठ्ठी दिसते. काळी चकती लोटताना काही दिसत नाही. हा थबकणारा हात मोकळा करणे एवढ्यासाठीच ही वस्तू जन्माला आली. बाकी सगळी नक्षी.

आमच्या वाङ्मयाला हा थबकणारा हात चांगला ठाऊक आहे. लीळाचरित्रातली हरिपाळदेवाची कथा मराठीच्या कोणत्याही विद्यार्थ्याने वाचलेली असते. भडोचच्या प्रधानाचा हा मुलगा द्यूतात हरतो, देणे अंगावर येते, आणि तो पत्नी कमळाइसा हिच्याकडे तिचे अलंकार मागतो. ती देत नाही. त्या नकाराने त्याचे मन संसारातून उठते. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घराबाहेर पडतो, पुढे ऋद्धिपूरला गोविंदप्रभू भेटतात, आणि महाराष्ट्राला चक्रधर मिळतात. वर्गात ही कथा शिकवताना सगळा भर वैराग्यावर जातो. आमचे म्हणणे, थोडा वेळ कमळाइसेपाशी थांबावे. जुगाऱ्याला तिच्यासमोर येऊन उभे राहावे लागले, कारण जे पणाला लागायचे होते ते तिच्या अंगावर होते. ते उतरवायला तिचा हात लागणार होता. म्हणून तिला नाही म्हणता आले. सभापर्वात द्रौपदीचा प्रश्नही याच जागी उभा आहे. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, असे ती विचारू शकते, कारण पणाला लागलेली वस्तू बोलते, सभेत येऊन जाब मागते. सभेला उत्तर देता आले नाही हा भाग वेगळा, पण प्रश्न विचारायला कोणीतरी होते.

चकतीला असा प्रश्न विचारता येत नाही. तिच्यामागे कोणाचा गळा, कोणाचा कान दिसत नाही. आमच्या भागात पेरणीच्या तोंडावर बोरमाळ किंवा गंठण सावकाराकडे जाते, बँकेत जाते. तेव्हा घरात निदान एक भांडण होते. ते भांडण हीच घराची शेवटची तिजोरी असते. सोयाबीनच्या पैशाच्या चकत्या झाल्या, किंवा मोबाइलवरचे आकडे झाले, की ते भांडण व्हायच्या आधीच पैसा गेलेला असतो. संसाराच्या पैशाला ‘सर्वस्व पणाला’ हा शब्दप्रयोग लागू पडतो. तो प्लॅस्टिकच्या ढिगाला लावायला आम्ही देऊ, ही अपेक्षा त्या पोराने करू नये. आम्ही शब्द दिला नाही.

आता कोणी म्हणेल, मोबाइलपेक्षा चकती बरी. निदान हातात तरी येते, समोर चार माणसे तरी बसतात. हे खरे आहे आणि आम्ही ते मान्य करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा आमच्या काही विद्यार्थ्यांच्या घरी सुटकेचा श्वास टाकला गेला, हे आम्ही जवळून पाहिले आहे. त्याच्या महिनाभर आधीची लातूरची घटनाही वाचकांना आठवत असेल. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधिमंडळाच्या सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. आपण खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात बंद करत होतो, असे त्यांनी सांगितले. २० जुलै २०२५ रोजी लातुरात त्यांच्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे यांच्यासमोर छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी निषेध म्हणून पत्ते फेकले, आणि पुढे त्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली. राजकारण सोडा. आम्हांला लक्षणीय वाटले ते हे की निषेधाला बाजारातून कागदी पत्ते आणावे लागले. मोबाइलवरच्या डावात फेकण्यासारखे काही उरलेलेच नसते.

पण मोबाइलपेक्षा बरी म्हणून चकतीवर गावाचे नाव घालावे, हे काही त्यातून निघत नाही. चकती म्हणजे एका खाजगी टाकसाळीचे नाणे. ज्याचा अड्डा, त्याचे राज्य. ते नाणे त्या दारापलीकडे चालत नाही. दोन नाण्यांत जगण्याची किंमत आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होती. निजामी राजवटीत व्यवहार हाली रुपयात, आणि सीमेपलीकडे कलदार. सात हाली द्या, सहा कलदार घ्या. बदलून देणाऱ्याचे पोट मध्ये भरत असे ते वेगळेच. तरीही हाली रुपयावर निजाम आपले नाव घालत होता आणि त्यामागे एक सरकार उभे होते. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी होन आणि शिवराई पाडली, तेव्हा तो सार्वभौमत्वाचा पुकारा होता. शनिवारच्या रात्री सदनिकेत बसणाऱ्या सात जणांनी बुरूज आणि कवड्या छापून नाणे पाडावे, यात कसला पुकारा आहे? त्यात एवढेच आहे की आईच्या माळेतली कवडी आणि गावाचे नाव दिसले की हात आणखी सैल सुटतो. अनोळखी चकतीपेक्षा ओळखीची चकती जास्त विश्वासाची वाटते, म्हणून ती जास्त फसवते.

सरकार मात्र या सोंगाला भुललेले नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चकत्या घेण्यासाठी जी रक्कम मोजली जाते त्या सगळ्या रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. मांडवीतल्या बोटींवर चकती हातात घेतली, की कर लागला. महाराष्ट्राने कॅसिनोचा कायदा १९७६ मध्ये केला, तो कधी अंमलात आणलाच नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. त्यामुळे आमच्याकडच्या शौकिनांना गोवा गाठावा लागतो किंवा घरचे मेज. पोकर कौशल्याचा की नशिबाचा यावर न्यायालयांचे एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरवला, मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कौशल्याचा खेळ म्हटला. असो. कौशल्याने हरलेला पैसाही घरातूनच जातो.

आम्ही नमुना परत पाठवला. वेलांटी जागेवर बसवली, ‘त्र’ जोडून दिला. कवड्यांची माळ काढायला सांगितले, आणि आकड्यांपुढे एक शब्द घालायला सांगितला: रुपये. ५०० रुपये. म्हणजे लोटताना दिसत राहील. पोराने माळ काढली. रुपये मात्र घातले नाहीत. “सर, रुपये लिहिले तर तो जुगार होईल ना,” असे तो फोनवर म्हणाला. १८८७ च्या जुगारप्रतिबंधक कायद्याला चकतीवर काय छापले आहे याच्याशी कर्तव्य नाही. पैज लावून खेळण्यासाठी वापरलेली कोणतीही वस्तू त्याच्या लेखी जुगाराचे साहित्यच असते, हे आम्ही त्याला समजावून सांगितले. तोवर मागणी नोंदवून झाली होती.