अपग्रेडचं गाजर

‘बुक केली साधी रूम, मिळाला थेट सुइट! कसं? शेवटपर्यंत बघा.’ या धाटणीचं एखादं तरी रील तुमच्या फीडवर येऊन गेलं असेलच. दार उघडतं, कॅमेरा गरकन फिरतो, आधी हॉल, मग बेडरूम, मग खिडकीतून दिसणारा समुद्र आणि सगळ्यात शेवटी तो बाथटब. खाली कमेंट्सचा पाऊस. त्यात एक प्रश्न हमखास असतो, ‘भावा, कुठलं कार्ड?’

प्रश्न अगदी बरोबर जागी मारलेला आहे. कारण खेळ सगळा कार्डाचाच आहे.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या हॉटेल साखळ्यांचे लॉयल्टी प्रोग्रॅम असतात. तुम्ही वर्षभरात जितक्या रात्री त्यांच्याकडे राहाल, तितकी तुमची पायरी वर जाते. मॅरियट बॉनव्हॉयमध्ये १० रात्रींना सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटॅनियम. त्याच्याही वर अँबॅसिडर, त्यासाठी १०० रात्री आणि शिवाय वर्षाला २३ हजार डॉलर्सचा खर्च. वर्ल्ड ऑफ हयातमध्ये हेच आकडे १०, ३० आणि ६०. वरच्या पायरीवर पोहोचलात की नाश्ता, उशिरा चेकआउट वगैरे मिळतं. आणि सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे रूम अपग्रेड. पैसे साध्या रूमचे, राहणं वरच्या रूममध्ये. नशीब जोरावर असेल तर सुइटमध्ये.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. अपग्रेड देऊच नये, असं मी म्हणत नाहीये. पण आज ते ज्या पद्धतीने दिलं जातं, तो हक्क नाही, वशिला आहे. फक्त त्याला ॲप आहे आणि चकचकीत नाव आहे. आणि नुकतंच कमवायला लागणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याच्यामागे धावणं हा सरळसरळ तोट्याचा सौदा आहे.

पैसे कोणाचे, पॉइंट्स कोणाचे?

या सगळ्याची सुरुवात विमानांपासून झाली. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हान्टेज’ हा प्रोग्रॅम आणला. पाठोपाठ १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियटने हॉटेलांमध्ये तोच प्रकार सुरू केला, १९८७ मध्ये हिल्टन आलं. डोकं कुठे लावलंय बघा. ज्याला खूश करायचं तो माणूस कामासाठी फिरणारा. बिल त्याची कंपनी भरते, पण पॉइंट्स आणि पायरी मात्र त्याच्या स्वतःच्या नावावर जमा होते. म्हणजे हॉटेल थोडं महाग असलं तरी त्याच्या खिशाला झळ नाही, उलट फायदाच. जॉर्ज क्लूनीचा २००९ मधला ‘अप इन द एअर’ बघितला असेल तर हा माणूस तुम्हाला माहितीये. घर नावालाच, पण पाकिटात कार्डांची थप्पी.

आता हा धंदा फक्त खोल्या भाड्याने देण्याचा राहिलेला नाही. २०२० मध्ये कोविडमुळे जगभरातली हॉटेलं ओस पडली, तेव्हा हिल्टनने अमेरिकन एक्स्प्रेसला आगाऊ पॉइंट्स विकून एक अब्ज डॉलर्स उभे केले. मॅरियटनेही आपल्या कार्ड भागीदार बँकांकडून ९२ कोटी डॉलर्स उचलले. खोल्या रिकाम्या होत्या, पण त्या खोल्यांच्या आशेवर पैसे मिळत होते. गाजराची किंमत एवढी असते.

डेस्कमागे काय चालतं?

आपल्याला वाटतं, संगणकात नाव टाकलं की ‘प्लॅटिनम’ दिसतं आणि आपोआप सुइट मिळतो. तसं नसतं. माझी एक मैत्रीण हॉटेल मॅनेजमेंट करतेय. ट्रेनिंगला ती एका पंचतारांकित हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला होती. तिने सांगितलेलं गणित असं. रोज सकाळी त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांची यादी निघते. कोण कुठल्या पायरीवर, कोण किती रात्री राहणार, कोणाचा वाढदिवस, कोण कंपनीच्या मोठ्या करारातून आलंय, हे बघून खोल्या आधीच लावून ठेवतात. सुइट मोजकेच. त्यातले काही शेवटच्या क्षणी विकले जातील या आशेने हातचे राखलेले. काही लग्नाच्या पार्टीला दिलेले. साध्या खोल्या बऱ्याचदा क्षमतेपेक्षा जास्त विकलेल्या असतात, कारण काही बुकिंग रद्द होतात हे गृहीत धरलेलं असतं. ती रद्द झाली नाहीत, तर कोणाला तरी वर सरकवावंच लागतं. म्हणजे जे अपग्रेड पाहुण्याला ‘तुम्ही आमचे खास’ म्हणून मिळतं, ते अनेकदा हॉटेलची स्वतःची अडचण सोडवण्यासाठी दिलेलं असतं.

त्यातून अजून एक गंमत. हॉटेलं हल्ली तीच वरची रूम ‘एवढे हजार जादा भरा आणि अपग्रेड घ्या’ म्हणून ईमेलवर विकायला काढतात. डेस्कवरही अशी विक्री केली तर अनेक ठिकाणी कर्मचाऱ्याला इन्सेन्टिव्ह मिळतो. आता सांगा, जी रूम विकली तर चार पैसे मिळणार, ती फुकट द्यायला कोण आधी धावेल?

मैत्रिणीने सांगितलेला सगळ्यात वाईट भाग वेगळाच होता. रात्री साडेनऊला थकून आलेला एक पाहुणा. पन्नाशीचा. सुइट नाही म्हटल्यावर त्याचा पारा चढला. ‘पता है मैं कौन हूँ?’ इथून सुरुवात झाली आणि ‘मॅनेजर को बुलाओ’पर्यंत गेली. ती एकवीस वर्षांची ट्रेनी, हातात स्टायपेंड जेमतेम बसपासपुरता. खोल्या लावल्या दुसऱ्याने, वचन दिलं तिसऱ्याने, बोलणी खाल्ली हिने. आपल्या कॉलेजच्या बाजूच्याच कॉलेजातली मुलगी आहे ती, हे मला विसरता येत नाही.

वचन एकाचं, खिसा दुसऱ्याचा

तिसऱ्याने म्हणजे कोणी? इथे खरी मेख आहे. दारावर ज्या ब्रँडची पाटी असते, तो बहुतेक वेळा त्या इमारतीचा मालक नसतो. लोअर परळचं सेंट रेजिस हे नाव मॅरियटचं, हॉटेल फिनिक्स मिल्सचं. सहारचं जेडब्ल्यू मॅरियट शॅले हॉटेल्सचं. पुण्यात सेनापती बापट रोडवरचं जेडब्ल्यू मॅरियट व्हेंटिव्ह हॉस्पिटॅलिटीचं. ब्रँड अमेरिकेत बसून पाहुण्याला ‘सुइट मिळू शकेल’ म्हणतो, पण सुइटवर पाणी सोडायचं मालकाने. मालक म्हणणारच, वीकेंडला ती रूम मी विकेन, फुकट का देऊ?

पाटी आणि मालक वेगळे असले की काय होतं, याचं टोकाचं उदाहरण मुंबईने पाहिलंय. जून २०२१ मध्ये विमानतळाजवळचं हयात रिजन्सी बंद करण्यात आलं. मालक कंपनीकडून पगारापुरतेही पैसे येत नाहीयेत, असं तेव्हा कर्मचाऱ्यांना कळवण्यात आलं होतं. पाटी तर हयातचीच होती.

‘उपलब्धतेनुसार’

म्हणूनच नियमांत एक शब्द पेरलेला असतो, ‘उपलब्धतेनुसार’. उपलब्ध म्हणजे काय, हे कोण ठरवणार? हॉटेलच. तुम्ही ॲपवर बघता तेव्हा सुइट विक्रीला असतो, डेस्कवर विचारता तेव्हा तो ‘उपलब्ध’ नसतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि तुमच्याकडे तपासायला काहीच नाही.

हमी देता येत नाही असं नाही बरं का. मॅरियटच प्लॅटिनम सदस्याला रिसॉर्ट वगैरे वगळता दुपारी चार वाजताच्या चेकआउटची हमी देतं. हयातकडे सुइट अपग्रेडची अशी कूपनं आहेत, जी बुकिंग करतानाच वापरता येतात. साधा सुइट शिल्लक असेल तर तिथेच पक्का, घरून निघण्याआधी. म्हणजे जिथे हमी द्यायची इच्छा असते, तिथे ती स्वच्छ शब्दांत लिहिली जाते. जिथे नसते, तिथे ‘उपलब्धतेनुसार’.

आपल्याला हा प्रकार नवीन नाही. मंदिरात व्हीआयपी दर्शन, सरकारी कचेरीत ‘साहेबांची ओळख आहे का?’, ॲडमिशनच्या वेळी कोणाचा तरी फोन. नियम आहे, पण तो कोणासाठी कधी वाकेल ते खिडकीमागचा माणूस ठरवणार. आपण वशिल्यावर मीम्स करतो आणि तोच वशिला एअर कंडिशन्ड लॉबीत मिळाला की त्याचं रील करतो.

दोन शिक्के आधीच मारलेले

आता आपल्या खिशाकडे येऊ. जोसेफ न्यून्स आणि झेव्हिए ड्रेझ या अभ्यासकांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. एका कार वॉशवर ३०० ग्राहकांना कार्डं वाटली. निम्म्यांच्या कार्डावर आठ शिक्के हवे होते. उरलेल्यांच्या कार्डावर दहा हवे होते, पण दोन आधीच मारून दिलेले. हिशोब दोघांचा सारखाच, आठ वेळा गाडी धुवायची. तरी पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं आणि दुसऱ्यातल्या ३४ टक्के लोकांनी. ‘आपण थोडे पुढे आलोय’ एवढी भावना पुरते.

हे डोक्यात ठेवून आपल्याकडचं उदाहरण बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेने मॅरियट बॉनव्हॉयचं क्रेडिट कार्ड आणलं. त्यावर सिल्व्हर पायरी थेट मिळते आणि १० रात्री खात्यात जमा होतात. एकही रात्र न राहता. भारी वाटतं ना? पण सिल्व्हरला रूम अपग्रेड मिळतच नाही. ते गोल्डपासून सुरू होतं, आणि सुइटचा विषय प्लॅटिनमपासून. तुमच्या कार्डावर दोन शिक्के मारून दिलेत, बस्स.

मग ‘आता चाळीसच रात्री तर राहिल्या’ असं वाटायला लागतं. या चाळीस रात्रींचा हिशोब मांडू. रात्रीचे ८ हजार रुपये धरा, पंचतारांकितच्या मानाने हे कमीच. ३ लाख २० हजार झाले. साडेसात हजारांच्या वरच्या रूमवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५७ हजार ६००. एकूण ३ लाख ७७ हजार ६०० रुपये. कॅम्पसमधून लागलेल्या कित्येकांचं वर्षाचं पॅकेज एवढं असतं. आणि एवढं करून हातात काय? पुढच्या वेळी सुइट ‘मिळू शकेल’.

कोणी म्हणेल, सगळे रात्री स्वतःच्या पैशाने थोडेच मोजतात? खरंय. तुम्ही ऑडिट, कन्सल्टिंग किंवा आयटीत लागलात आणि कंपनी तुम्हाला महिन्यातून दहा दिवस फिरवत असेल, तर पायरी आपोआप चढेल. घ्या की. घरापासून लांब, आठवडाभर त्याच त्या खोलीत राहणाऱ्या माणसाला एखाद्या रात्री मोठी खिडकी मिळाली तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. रिकामी खोली रिकामी ठेवण्यापेक्षा हे बरंच. माझा आक्षेप त्या माणसाला नाही. वर्षअखेरीला ‘चार रात्री कमी पडतायत’ म्हणून गरज नसताना हॉटेल बुक करणाऱ्या मनःस्थितीला आहे. याला इंग्रजीत ‘मॅट्रेस रन’ असं नावही पडलंय, म्हणजे हे करणारे एक-दोन नाहीत.

मागायचं तर हे मागू

अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्या अपग्रेडची प्रतीक्षा यादी ॲपवर आणि गेटवरच्या स्क्रीनवर दाखवतात. किती सीट शिल्लक, तुमचा नंबर कितवा, सगळं समोर. वाद घालायला जागाच उरत नाही. हॉटेलांना हे का जमू नये? आज किती सुइट रिकामे, यादीत किती जण, तुम्ही कितवे, एवढं ॲपवर टाका. नाही मिळाला तर का नाही, हे पाहुण्याला स्वतःच दिसेल आणि डेस्कवरच्या मुलीला कोणाच्या तरी अहंकाराचं ओझं उचलावं लागणार नाही. लपवण्यासारखं काही नसेल तर यात नुकसान कोणाचंच नाही.

आणि आपल्यापुरतं म्हणाल तर, जूनपासून तुमच्यापैकी अनेक जण नोकरीला लागतील. पहिल्या पगारासोबत कार्ड विकणाऱ्यांचे फोन येतील. तेव्हा विचारा, ‘या पायरीला नेमकं काय मिळतं? हमीने मिळणारं काय आणि उपलब्धतेनुसार काय?’ दुसऱ्या यादीतल्या गोष्टींची किंमत शून्य धरा आणि मग कार्डाची फी परवडते का बघा. गोव्याला ग्रुपने गेलात तर जी रूम हवी तिचेच पैसे भरा, जी परवडत नाही ती मिळेल या आशेवर बुकिंग करू नका. डेस्कवर अपग्रेडबद्दल जरूर विचारा, त्यात लाज कसली. पण एकदाच विचारा. समोरची ‘नाही’ म्हणाली तर किल्ली घ्या, थँक यू म्हणा आणि लिफ्टकडे वळा. ती कदाचित तुमच्याच बॅचची असेल.