रोबोट घ्या, पण नुसता आकडा बघून नको!

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीवर ज्यांची चूल पेटते त्यांनी शेवटपर्यंत वाचाच.

फाउंड्रीत जड कास्टिंग उचलायला रोबोट घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठला जास्त उचलतो?" फानुकचा एम-2000आयए 2,300 किलोपर्यंत, कुकाचा टायटन 1,000 किलो, एबीबीचा आयआरबी 8700 800 किलो. मग शेठ म्हणणार, "मोठाच घेऊया, असूदे." याला निवड म्हणत नाहीत, रुबाब म्हणतात. आणि हा रुबाब बँकेच्या हप्त्यावर चालतो.

साधा हिशेब बघा. ब्रोशरवरचं वजन नुसत्या जॉबचं नसतं, रोबोटच्या मनगटाला जे जे लटकतं त्या सगळ्याचं असतं. जॉब 400 किलो, ग्रिपर 250 किलो, झाले 650. म्हणजे 500 किलोवाला तिथंच बाद. बरं, वजन मनगटापासून जितकं लांब, तितकी उचलायची ताकद कमी. भरलेली घागर छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा, कळेल. त्याच आयआरबी 8700 ची पोच साडेतीन मीटरवरून 4.2 मीटर केली की क्षमता 550 किलोवर येते. म्हणून विक्रेत्याकडं लोड डायग्राम मागा. दाखवत नसेल तर चहा पाजून वाटेला लावा.

भट्टीजवळ काम असेल तर धूळ आणि उष्णता सोसणारं फाउंड्रीचंच मॉडेल हवं. लाइन बंद पडली तर माणूस किती तासांत येणार, सुटे भाग कुठून येणार, हे करारात लिहून घ्या. आणि काम इथून उचल, तिथं ठेव एवढंच असेल तर होइस्ट किंवा गॅन्ट्रीवर भागतं का, ते आधी बघा की! पण होइस्टचं उद्घाटन करायला पुढारी येत नाही, हीच अडचण.

आता खरा मुद्दा. 1979 साली अमेरिकेत, मिशिगनमध्ये फोर्डच्या कास्टिंग कारखान्यात रोबोटच्या धडकेनं कामगार मेला. आपल्याकडं 2015 मध्ये मानेसरला असाच एक बळी गेला. टनभर लोखंड फिरवणाऱ्या हाताला समोर माणूस आहे की कास्टिंग, हे आपोआप कळत नाही. म्हणून कुंपण, दार उघडताच मशिन थांबवणारं इंटरलॉक आणि लॉकआउट लागतं. कोटेशन घासताना पहिली कात्री यालाच लागत असेल, तर तो रोबोट घेऊच नका.

मी रोबोटच्या विरोधात नाही. तापलेलं लोखंड उचलून चाळिशीत कंबर मोडावी, असलं काम माणसानं करूच नये. पण ज्यानं कंबर मोडून घेतली, त्यालाच यंत्र आल्यावर "उद्यापासून येऊ नको" म्हणायचं? कंत्राटी म्हणून त्याचा हिशेब एका सहीत मिटतो. त्याला आधी शिकवा, पेंडंट त्याच्या हातात द्या. जॉब कुठं अडकतो, कुठं घसरतो, हे त्याच्याइतकं कुठल्या कन्सल्टंटला ठाऊक आहे?

ऑर्डरवर सही करण्याआधी एक पाळी त्याच्याशेजारी उभे राहा. एवढं वजन शेठनी उचलावं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण हिशेब घेऊन या.