प्रवेशोत्सव झाला, पूर्ततेचे काय?

जून महिन्यात महाराष्ट्रातील शाळा उघडतात तेव्हा गावोगाव प्रवेशोत्सव साजरा होतो. दाराला तोरणे लागतात, नवागत मुलांच्या हाती फुले आणि पाठ्यपुस्तके दिली जातात, कोठे बैलगाडीतून मिरवणूकही निघते. त्यात गैर काहीच नाही. शाळेची पायरी प्रथमच चढणाऱ्या मुलाचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु त्याच शाळा एप्रिलअखेर बंद होतात तेव्हा, जूनमध्ये पटावर असलेल्यांपैकी किती मुले शेवटच्या दिवसापर्यंत वर्गात टिकली याची विचारपूस मात्र कोठे होत नाही. आरंभाचे जेवढे कौतुक तेवढीच अखेरीविषयी अनास्था, असा हा प्रकार आहे. आणि तिची सर्वाधिक झळ सहावी ते आठवीच्या मुलांना व त्यांच्या घरांना लागते.

वास्तविक कायदा याबाबत संदिग्ध नाही. २००९ साली संमत झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्क कायदा 'सक्तीचे शिक्षण' या शब्दांचा अर्थच असा करतो की, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, त्याची हजेरी आणि प्राथमिक शिक्षणाची पूर्तता या तिन्ही गोष्टी घडवून आणणे हे शासनाचे बंधन आहे. सक्ती पालकावर नव्हे, तर शासनावर आहे. या तीन शब्दांपैकी पहिल्याचा उत्सव होतो. दुसऱ्याची नोंद, शालेय पोषण आहाराचा हिशेब तिच्यावर अवलंबून असल्याने का होईना, रोज होते. तिसरा शब्द मात्र कुटुंबाच्या नशिबावर सोपविण्यात आला आहे.

सक्तीचा बदललेला अर्थ

हा फरक किती मोठा आहे, हे थोडे मागे वळून पाहिल्यास ध्यानात येते. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गुरे राखणे आणि शेतीकाम यांसाठी मूल घरी लागते म्हणून कुणब्याचे पोर शाळेत टिकत नाही, हे कारण त्यांनी स्पष्ट मांडले आणि त्यावर शिष्यवृत्ती व बक्षिसे यांचा उपाय सुचविला. पुढे १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. शाळेविषयी समाजात ओढच नव्हती अशा काळात तो दंड आवश्यक होता. आज स्थिती उलट आहे. आपले मूल शिकावे असे न वाटणारा बाप शोधूनही क्वचित सापडेल. इच्छा आहे, अडचण निभावून नेण्याची आहे. म्हणून पालकाला उपदेश करण्याचे दिवस संपले असून, वर्षाची अखेर गाठण्यास त्याला साहाय्य करण्याचे दिवस आले आहेत.

फेब्रुवारी सरला की घराघरांतील स्थिती कशी असते? रब्बीची काढणी, पाठोपाठ गावची जत्रा, मग लग्नसराई. उन्हाळा वाढला की शाळा सकाळची होते आणि मूल दुपारच्या आत घरी परतते, तेव्हा आईबाप दोघेही कामावर असतात. पाण्याची टंचाई असलेल्या गावात हंडा उचलायला प्रथम आठवते ती सातवीतली मुलगी. लहान भावंडाला सांभाळायचे असो वा आजारी आजीजवळ बसायचे असो, अकरा ते चौदा या वयातले मूल घराला फार उपयोगी पडते. पहिलीतल्या पोराला शाळेत धाडले तर घराचे काही अडत नाही; सातवीतल्या मुलीला धाडायचे तर घराला त्याग करावा लागतो. आणि नेमक्या याच वयात बीजगणित, विज्ञान, इंग्रजी हे विषय असे वळण घेतात की, कमी शिकलेल्या आईबापांना वही तपासणेही अशक्य होते. मूल हाताबाहेर चालले असे ज्याला घर म्हणते, ते पुष्कळदा घराच्या आवाक्याबाहेर गेलेले असते.

परीक्षा आली, खबर आली नाही

त्यात परीक्षेचे स्वरूपही बदलले आहे. मूळ कायद्यानुसार आठवीपर्यंत कोणास नापास करता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत परीक्षा घेण्याची मुभा दिली, महाराष्ट्राने २०२३ मध्ये तसे नियम केले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रानेही आपल्या नियमांत तशी तरतूद केली. वार्षिक परीक्षेत कमी पडलेल्या मुलास जादा मार्गदर्शन द्यावयाचे, निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यावयाची, आणि तीतही ते उत्तीर्ण न झाल्यास त्याच वर्गात ठेवावयाचे, असा हा क्रम आहे. प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणालाही शाळेतून काढता येणार नाही, हे संरक्षण कायम आहे.

या धोरणाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. पुनर्परीक्षेची संधी ज्याला तिची वार्ता असेल त्यालाच मिळते. निकाल लागल्यावर मूल मामाच्या गावी गेले, किंवा आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेले, आणि शाळेने तारखेचा कागद फलकावर डकवून आपले कर्तव्य संपले असे मानले, तर ती संधी कागदावरच राहते. त्या मुलापुरता निर्णय मग गुणांनी होत नाही, निरोप न पोहोचल्याने होतो. एकदा मागे राहिलेले चौदा वर्षांचे मूल आपल्याहून लहान मुलांच्या बाकावर किती दिवस बसेल, हे सांगण्यास शिक्षणतज्ज्ञाची गरज नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांची अवस्था याहून बिकट. बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी तेथील हिशेबाची भाषा आहे; त्या भाषेत मुलाला शब्द नाही. दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण फडावर काढून ही मुले परततात ती परीक्षेच्या तोंडावर. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे आणि ती उपयुक्तही आहे. परंतु तिचा हंगाम परीक्षेपूर्वीच आटोपला, तर नदी ओलांडून देऊन नावाड्याने काठाच्या चार हात अलीकडे उतरविण्यासारखे ते होईल. वसतिगृहाची मुदत कारखान्याच्या गाळपाशी नव्हे, शाळेच्या शेवटच्या दिवसाशी बांधली पाहिजे.

घराला काय हवे?

घराला हवे असलेले साहाय्य खर्चाचे नाही. पहिली गरज आहे ती वेळेवर मिळणाऱ्या, समजणाऱ्या माहितीची. पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना कळविणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून कायद्याच्या चोविसाव्या कलमात नमूद आहे. प्रत्यक्षात प्रगतिपुस्तक पालकाच्या हाती पडते ते वर्ष संपल्यावर, जेव्हा त्याला करण्यासारखे काही उरलेले नसते. गारपीट होऊन गेल्यावर इशारा देणाऱ्या वेधशाळेचे कौतुक कोणी करील काय? फेब्रुवारीच्या अखेरीस प्रत्येक पालकाला तीन गोष्टी साध्या मराठीत सांगितल्या गेल्या पाहिजेत: मुलाला काय येते, काय राहिले आहे, आणि आता कोणत्या तारखा महत्त्वाच्या आहेत. श्रेणी आणि टक्केवारी यांनी ते कळत नाही. 'अपूर्णांकांची बेरीज येते, भागाकार येत नाही' असे म्हटल्याने कळते. ही बैठक सकाळी अकरा वाजता बोलावून 'पालक येत नाहीत' अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. रोजावर जाणाऱ्या बाईचा तो रोज बुडतो. बैठक संध्याकाळी, वस्तीवर, देवळाच्या ओट्यावरही होऊ शकते.

दुसरी गरज जागेची. सकाळच्या शाळेनंतर दुपारी मुलाने बसावे कोठे? पत्र्याच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी अभ्यास होत नाही. शाळेची एखादी खोली किंवा गावचे समाजमंदिर पिण्याच्या पाण्याची सोय करून दुपारभर उघडे ठेवणे, आणि गावातल्या एखाद्या शिकलेल्या तरुणाने वा निवृत्त गुरुजींनी तेथे बसणे, एवढे दोन महिने करावयास शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. ठराव करून सह्या करण्यापलीकडे या समितीला काही काम असू शकते, हे सिद्ध करण्याची ही संधी आहे. आईनेही बीजगणित शिकविण्याची आवश्यकता नाही. परीक्षेच्या पंधरवड्यात पाण्याचा हंडा दुसऱ्याकडे देणे, लग्नाला घरातील एकाने जाणे, रात्री वेळेवर झोपविणे, आणि 'आज काय शिकलीस ते मला सांग' असे विचारून ऐकून घेणे, हे निरक्षर आईलाही करता येते. मात्र ते पुरेसे आहे असे शाळेने तिला विश्वासाने सांगितले पाहिजे.

तिसरी गरज सातवी-आठवीच्या उंबरठ्यावरची. कायद्याची रचना आठवीपर्यंतची असली तरी महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते. पुढे दुसऱ्या गावची शाळा, एसटीची वाट, नवे शिक्षक. मूल गळते ते बहुधा याच सांध्यात, आणि तेही गाजावाजा न होता. कारण जुन्या शाळेच्या लेखी ते उत्तीर्ण होऊन गेलेले असते आणि नव्या शाळेच्या लेखी ते आलेलेच नसते. शाळा सोडल्याचा दाखला तातडीने देणे मुख्याध्यापकावर बंधनकारक आहे, आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून प्रवेश अडविता येत नाही, हे पालकांना ठाऊक नसते. ग्रामीण मुलींसाठी एसटीचा मोफत पास आहे, हेही कोणी सांगावे लागते. आठवीत घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेस बसण्यासाठी सातवीत सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुण लागतात, आणि ती मिळाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. सातवीच्या एप्रिलचे मोल हे असे चार वर्षांचे असते. पण ते ऐन वेळी घराला कोण सांगतो?

आक्षेप आणि उत्तर

यावर शिक्षक म्हणतील, आणखी एक ओझे! त्यांचे म्हणणे खोटे नाही. कायद्याने जनगणना, निवडणूक व आपत्ती निवारण एवढीच अशैक्षणिक कामे त्यांना देता येतात. तरी माहित्या, तक्ते, छायाचित्रे आणि अहवाल यांतच त्यांचा दिवस जातो. परंतु त्यावरचा उपाय घरभेट टाळणे हा नसून अहवाल कमी करणे हा आहे. मार्च-एप्रिल या दोन महिन्यांत शिक्षण खात्याने शाळांकडून हजेरी आणि मूल्यमापन यांखेरीज कोणतीही माहिती मागवू नये. तसेच वेळापत्रक ठरविताना उन्हाचा आणि गावाचा विचार व्हावा. २०२५ साली वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा ठरविण्यात आल्या तेव्हा, विशेषतः विदर्भातून, जी नाराजी उमटली ती आळशीपणाची नव्हती. अखेरपर्यंत शाळा भरावी हा हेतू योग्यच. पण तो साधावयाचा तर सावली आणि पाणी आधी पुरविले पाहिजे.

शहरातील सुस्थित घरांचा प्रश्न निराळा आहे. तेथे माहितीचा तुटवडा नसून तिचा पूर आहे. सहावीच्या मुलालाही शिकवणी, सराव परीक्षा आणि शेजारच्या मुलाचे गुण यांनी घेरलेले असते. त्या घरांना साहाय्य करावयाचे म्हणजे धीर द्यावयाचा. तेरा वर्षांच्या मुलाचे भवितव्य एका एप्रिलमध्ये ठरत नाही हे सांगावयाचे. एका घराला एप्रिलचे महत्त्व पटवावे लागते आणि दुसऱ्याला त्याची मर्यादा. दोन्ही कामे शाळेचीच आहेत.

शेवटी प्रश्न मोजमापाचा उरतो. शासन ज्याची मोजदाद करते तिकडे यंत्रणेचे लक्ष जाते. जूनमध्ये किती मुले दाखल झाली याबरोबरच, गेल्या जूनमध्ये सहावी, सातवी, आठवीत असलेली मुले या जूनमध्ये नेमकी कोठे आहेत, हे नावानिशी मोजले जावे. सातवीच्या वर्गशिक्षकाने आपल्या मुलांची यादी पुढच्या शाळेच्या स्वाधीन करावी आणि त्या शाळेने पहिल्या आठवड्यात न आलेल्यांची घरे गाठावीत. एवढे झाले तर प्रवेशोत्सवाच्या तोरणांना अर्थ येईल. दाराशी स्वागत करून आत आलेला पाहुणा मधूनच उठून गेला, तर यजमानाने त्याची चौकशी करावयाची असते. येथे तर उठून जाणारी आपलीच मुले आहेत.