तिकिटातला वाटा

मित्रांनो, मुंबईची लोकल गाडी तुम्हांला माहीत आहेच. तुमच्यापैकी जे मुंब्रा, कुर्ला किंवा कल्याण येथे राहतात, ते कदाचित रोज तिने प्रवासही करत असतील. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. आता मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून दररोज ७० लाखांहून अधिक लोक ये-जा करतात. त्यांत कामगार आहेत, नोकरदार स्त्रिया आहेत, भाजीवाले आहेत आणि तुमच्यासारखे विद्यार्थीही आहेत.

गर्दी असह्य झाली की लोक सहज म्हणतात, "सरकार गाड्या का वाढवत नाही?" प्रश्न बरोबर आहे. पण गाडी वाढवायची म्हणजे फक्त नवे डबे आणायचे नसतात. ती चालवायला रूळ हवेत, सिग्नल हवेत, वीज हवी आणि रात्री गाडी उभी करायला जागा हवी. या सगळ्याला हजारो कोटी रुपये लागतात. हा पैसा कोण देतो? हे समजून घ्या, कारण त्यात तुमच्या घरचाही वाटा आहे.

रेल्वे केंद्र सरकारची आहे. मुंबई शहर मात्र महाराष्ट्रात आहे. मग शहराच्या गाड्या कोणी सुधारायच्या? यावर १९९९ साली एक मार्ग निघाला. रेल्वे आणि महाराष्ट्र शासन यांनी मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन केले. त्यात रेल्वेचा हिस्सा ५१ टक्के आणि राज्याचा ४९ टक्के आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्प या मोठ्या योजनेतील रेल्वेची कामे या महामंडळाकडे आली. रेल्वेच्या कामांचा खर्च दोघांनी निम्मा निम्मा करायचा असे ठरले. एवढा पैसा एकदम हाती नसतो, म्हणून २००२ साली जागतिक बँकेकडून कर्ज घेण्यात आले.

कर्ज म्हटले की ते फेडावे लागते. राज्य आपला भाग करांतून फेडते. आपण साबण विकत घेतला तरी त्यावर कर असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. शिवाय या योजनेसाठी लोकलच्या तिकिटावर आणि पासावर अधिभार बसवण्यात आला. अधिभार म्हणजे मूळ भाड्यावर घेतलेली जादा रक्कम. म्हणजेच खिडकीपाशी पास काढणारा गरीब मजूरसुद्धा नव्या लोहमार्गासाठी पैसे देत आला आहे. रेल्वे आपल्यावर उपकार करत नाही. ती आपल्याच पैशाने सुधारते.

या योजनेचा फायदा झाला नाही, असे कोणी म्हणू नये. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या. बोरिवली ते विरार या भागात आणखी दोन लोहमार्ग टाकले गेले. रुळांना अगदी चिकटून राहणाऱ्या हजारो कुटुंबांना दुसरीकडे पक्की घरे देण्यात आली. घर पाडण्याआधी घर द्यायचे, हे तत्त्व या योजनेत मान्य झाले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण आता दुसरी बाजू पाहा. ठाणे आणि दिवा यांच्या दरम्यान पाचवा व सहावा लोहमार्ग टाकायचे ठरले. बाहेरगावच्या गाड्या वेगळ्या मार्गाने गेल्या म्हणजे लोकल गाड्यांना रस्ता मोकळा मिळतो, हा त्यामागचा विचार. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, २००८ साली, या कामाला मंजुरी मिळाली. ते मार्ग सुरू झाले फेब्रुवारी २०२२ मध्ये! २००८ साली पहिलीत गेलेले मूल तोपर्यंत महाविद्यालयात पोहोचले होते. याच टप्प्यातले कुर्ला ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे मार्ग तर अजूनही पूर्ण झालेले नाहीत.

काही जण म्हणतील, "मुंबईत जागा मिळणे कठीण आहे. वस्ती हलवायला वेळ लागणारच." हे खरे आहे. पण वस्ती काही काम सुरू झाल्यावर अचानक उगवत नाही. ती आधीपासून तेथेच असते. मग लोकांना घरे देण्याचा खर्च आणि त्याला लागणारा वेळ आराखड्यात पहिल्याच दिवशी का धरू नये? काम लांबले की सिमेंट, पोलाद आणि मजुरी महागते. खर्च वाढतो आणि तो पुन्हा आपल्याच माथी येतो.

पैशाचे नुकसान एक वेळ भरून काढता येईल. परंतु काम होईपर्यंत गर्दी थांबून राहत नाही. ठाण्यापलीकडे इमारती वाढत गेल्या आणि माणसेही वाढली. नवे मार्ग आले तेव्हा तेही अपुरे पडू लागले होते. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान दोन खचाखच भरलेल्या लोकल एकमेकींजवळून जात होत्या. दारात लटकणारे प्रवासी खाली पडले. त्यांतल्या काहींना प्राण गमवावे लागले. ही माणसे मौजेसाठी दारात उभी नव्हती. आत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि कामावर वेळेवर पोहोचायचे होते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, योजना मंजूर झाली की टाळ्या वाजवून गप्प बसू नये. काम कधी पूर्ण होणार, किती खर्च झाला, उशीर का झाला, हे शासनाने दरवर्षी लोकांना साध्या भाषेत सांगावे. मोठमोठ्या स्टेशनांवर असे फलक लावावेत. आणि सांगितले नाही, तर आपण विचारावे. माहितीचा अधिकार २००५ सालच्या कायद्याने प्रत्येक नागरिकाला दिला आहे.

मित्रांनो, उद्या तुम्ही नागरिक म्हणून मतदान कराल आणि करही भराल. आजपासून एक सवय लावा. राज्याचा अर्थसंकल्प जाहीर झाला की वर्तमानपत्रात बस आणि रेल्वे यांसाठी किती रक्कम ठेवली ते वाचा. पुढच्या वर्षी त्यातले काय झाले ते पाहा. ज्याने वाटा दिला, त्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे. हा हक्क वापरणे हे आपले कर्तव्यही आहे.