एका ‘पर्यंत’ची गोष्ट

‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय वर्गात शिकवायला मला दोन मिनिटे पुरतात. ‘घरापर्यंत’, ‘संध्याकाळपर्यंत’ अशी उदाहरणे फळ्यावर लिहिली की झाले. परंतु याच अव्ययाच्या फटीतून एका राष्ट्राची बहुतेक जमीन निसटली, ही हकीकत आमच्या व्याकरणात कोठून असणार?

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातले सेनेका हे हॉडेनोशॉनी या सहा राष्ट्रांच्या संघातले एक मूलनिवासी राष्ट्र. संघ म्हणजे एक लांबलचक घर, अशी त्यांची कल्पना. सेनेका त्याच्या पश्चिम दाराचे राखणदार. 11 नोव्हेंबर 1794 रोजी कॅनन्डेग्वा येथे वॉशिंग्टनच्या सरकारने या संघाशी तह केला. सेनेकांच्या जमिनीच्या सीमा त्यात लिहिल्या आणि तिच्यावर अमेरिका कधीही हक्क सांगणार नाही, असे वचन दिले. जमीन त्यांचीच राहील. कुठवर? त्यांना ती विकावीशी वाटेपर्यंत!

आता हे ‘वाटणे’ कसे उत्पन्न करावे, ते सावकाराला शिकवावे लागत नाही. तीनच वर्षांनी, 1797 मध्ये, बिग ट्री येथे एक लाख डॉलरला रॉबर्ट मॉरिसने त्यांच्या जमिनीचा फार मोठा भाग घेतला. उरले विखुरलेले तुकडे. 1838 चा बफेलो क्रीकचा तह तर लाचलुचपतीचा नमुनाच. उरलेले तुकडेही सोडून सेनेकांनी मिसिसिपीपलीकडे जावे, असे त्यात होते. क्वेकर मंडळींनी ओरड केली, तेव्हा 1842 मध्ये ॲलेगनी आणि कॅटरॉगस परत मिळाले. बफेलो क्रीक व टोनावांडा गेले ते गेलेच.

ॲलेगनी आणि कॅटरॉगस इथल्या चिडलेल्या लोकांनी 1848 मध्ये वंशपरंपरेचे सरदार दूर सारून लेखी घटना केली व निवडून दिलेले मंडळ आणले. टोनावांडाकरांनी सरदार ठेवले, पण जागा सोडली नाही. 1857 मध्ये त्यांनी साडेसात हजार एकर पुन्हा मिळवले. कॅन्ससमधील जमिनीवरचा हक्क सोडल्याबद्दल जो पैसा येणार होता, तोच मोजून! आपलीच जमीन विकत घेण्याची वेळ यावी, हे वाईटच. तरी त्या हिकमतीला दाद दिल्यावाचून राहवत नाही.

पुढल्या खेपेस मात्र कोणी ‘वाटण्या’ची वाटही पाहिली नाही. पिट्सबर्गला पुरापासून वाचवण्यासाठी किंझुआ धरण हवे होते. सेनेका कोर्टात गेले. काँग्रेसला तह बाजूला सारता येतो, असा निकाल 1958 मध्ये झाला. 1961 मध्ये केनेडींनीही बांधकाम थांबवायला नकार दिला. 1965 मध्ये धरण पुरे झाले. ॲलेगनीची सुमारे दहा हजार एकर जमीन गेली, सुमारे सहाशे माणसे उठली. 1794 च्या तहावर सही करणारा सरदार कॉर्नप्लँटर. त्याचे थडगेही पाण्यापायी 1964 मध्ये उकरून हलवावे लागले.

आणि गंमत पाहा, तो तह अजून चालू आहे! वर्षाला साडेचार हजार डॉलरचा माल द्यायचा, हे कलम सरकार आजही पाळते. मांजरपाटासारखे सुती कापड येते. रक्कम ठरलेली, भाव वाढलेले. माणशी वाटा आखूड होत गेला. त्यापेक्षा रोख पैसे घ्या ना, असेही सुचवून झाले. लोक म्हणतात, नको, कापडच द्या.